जवळच्या माणसांसोबत संशोधन करताना वस्तुनिष्ठता कशी राखायची

१९७१ च्या ऑगस्टमध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाच्या तळघरात एक खोटा तुरुंग उभा राहिला. प्रयोग दोन आठवडे चालायचा होता, तो सहा दिवसांतच थांबवावा लागला. फिलिप झिम्बार्डो या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते आणि त्या तुरुंगाचे अधीक्षकही तेच होते. प्रयोगासाठी कैद्यांची भूमिका दिलेली मुलं समोर कोलमडत होती, पण अधीक्षकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला ते संशोधकाच्या नजरेनं दिसेना. ते दाखवून दिलं क्रिस्टिना मास्लाक यांनी. त्या नुकत्याच पीएचडी झाल्या होत्या आणि सहभागींच्या मुलाखती घ्यायला आल्या होत्या. झिम्बार्डोंशी त्यांचं प्रेमाचं नातं होतं. तुम्ही या मुलांशी करताय ते भयंकर आहे, असं त्यांनी ठणकावलं. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं.

वर्गात ही गोष्ट सत्तेचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ती नात्यांची गोष्ट वाटते. एका भूमिकेशी जडलेल्या नात्यानं झिम्बार्डोंची नजर झाकली आणि दुसऱ्या नात्यानं ती उघडली. म्हणून ‘कामात नाती आणू नका’ हा सल्ला मला उपयोगाचा वाटत नाही. मानसशास्त्रातली विशेष क्षेत्रं लहान असतात. मार्गदर्शक आणि विद्यार्थी पाच-पाच वर्षं एकत्र काम करतात, नवरा-बायको एकाच विभागात असतात, सहभागी म्हणून आपल्याच वर्गातली मुलं येतात. नाती असणारच. ती निर्णयाच्या नेमक्या कोणत्या ठिकाणी शिरतात ते शोधून तिथं आडपडदा घालणं मात्र आपल्या हातात आहे. वस्तुनिष्ठता हा स्वभावाचा गुण नाही, ती कामाची रचना आहे. ही रचना कशी करायची ते पायरीपायरीनं सांगते.

पायरी १: नात्यांची यादी कागदावर उतरवा

प्रकल्प ठरला की पहिल्याच आठवड्यात हे काम उरका. डोक्यातल्या डोक्यात केलेली यादी चालत नाही. त्याचं कारण आपल्याच शास्त्रानं दाखवून दिलं आहे. एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी २००२ मध्ये दाखवलं, की आपण इतरांपेक्षा कमी पूर्वग्रहदूषित आहोत असंच बहुतेक लोक मानतात. पूर्वग्रहाचं वर्णन वाचून दाखवल्यावरही त्यांचं मत बदलत नाही. म्हणजे ‘मी निष्पक्ष आहे की नाही’ हे मन तपासून कळत नाही. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ हे आपण नेहमी दुसऱ्याला उद्देशून म्हणतो, ते उगाच नाही.

यादीत मित्र, जोडीदार, नातेवाईक येतातच. पण लोक हमखास विसरतात अशी तीन नाती आहेत. पहिलं वैराचं. ज्याच्याशी तुमचा वाद झाला, त्याच्या सिद्धान्ताची चाचणी घेताना तुमचा हात थोडा जड पडतो. दुसरं उपकाराचं, म्हणजे ज्यांनी तुम्हाला शिष्यवृत्ती मिळवून दिली त्यांच्याशी असलेलं. तिसरं नातं तुमच्या आवडत्या सिद्धान्ताशी असतं. मानसोपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचा लेस्टर लुबोर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धांडोळा घेतला. १९९९ मध्ये त्यांनी मांडलं, की संशोधकाची निष्ठा ज्या उपचारपद्धतीवर असते, तीच तुलनेत सरस ठरण्याचा कल ठळक आहे. त्यात लबाडी असावीच लागत नाही. आपल्या पद्धतीचा उपचारक आपण जास्त काळजीनं निवडतो, दुसऱ्या पद्धतीच्या उपचारकाचं प्रशिक्षण उरकून टाकतो. तेवढंही पुरेसं ठरतं.

प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न लिहा: या माणसाला वाईट वाटू नये म्हणून मी काय टाळेन? आपल्याकडे यासाठी ‘भीड’ हा नेमका शब्द आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात. संशोधनात ती चुकीच्या निष्कर्षाचीही बहीण ठरते.

पायरी २: निर्णयाच्या जागा शोधा

प्रश्न ठरण्यापासून निबंध छापून येण्यापर्यंतचा सगळा प्रवास एका ओळीत मांडा. सहभागी कोण निवडणार, सूचना कोण देणार, वेळ कोण मोजणार, उत्तरांचं कोडिंग, म्हणजे ठरलेल्या वर्गांत वाटणी, कोण करणार, कोणाच्या नोंदी वगळायच्या हे कोण ठरवणार, सहलेखकांचा क्रम कोण लावणार. आता प्रत्येक टप्प्यापाशी थांबून विचारा, इथे मोजपट्टी काम करते की माणसाचा अंदाज? जिथे अंदाज आहे आणि यादीतलं नावही आहे, तिथे लाल खूण करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या खुणांसाठी आहेत. बाकीच्या टप्प्यांची उगाच चिंता नको.

पायरी ३: सहभागी निवडताना स्वतः बाजूला व्हा

आपल्या विद्यार्थ्याला ‘माझ्या प्रयोगात येशील का?’ असं विचारणं ही विनंती राहत नाही. त्याच्या गुणांची वही तुमच्या हातात असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत यासाठी स्पष्ट तरतूद आहे. सहभाग अभ्यासक्रमाचा भाग असेल किंवा त्याला जादा गुण असतील, तर त्याच तोडीचं दुसरं काम निवडण्याची मुभा विद्यार्थ्याला द्यावी लागते. मी याहून एक पाऊल पुढे जायला सांगेन. आवाहन दुसऱ्या कुणाकडून करवा, संमतिपत्रं त्याच्याकडेच ठेवा आणि निकाल लागेपर्यंत कोण आलं, कोण नाही, हे स्वतःला कळू देऊ नका.

घरच्या माणसांचं काय? ज्याँ पियाजे यांनी आपल्याच तीन मुलांचं बारकाईनं निरीक्षण केलं, त्यावर बालविकासाच्या अभ्यासाची दिशा बदलली. म्हणून घरातली निरीक्षणं मी निषिद्ध मानत नाही. आपल्या मुलाकडे पाहून कल्पना सुचू द्या, ती तपासायची मात्र अनोळखी मुलांवर. फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये छापलेल्या ‘लहान हान्स’च्या प्रकरणात हा फरक पुसला गेला. मुलाच्या भीतीची माहिती बहुतांशी त्याच्या वडिलांकडून आली होती आणि ते वडील फ्रॉइड यांचेच अनुयायी होते. त्यामुळे विचारलेले प्रश्न आणि मिळालेली उत्तरं दोन्ही एकाच विचाराच्या मुशीतून निघाली.

पायरी ४: मोजणाऱ्याला उत्तर माहीत नसू द्या

ही पायरी सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणितं सोडवतो अशी बर्लिनमध्ये ख्याती होती. ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासलं आणि १९०७ मध्ये अहवाल दिला. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला तो दिसत नसेल, तर घोडा चुकायचा. माणसाच्या नकळत होणाऱ्या डोक्याच्या हालचालीवरून टाप केव्हा थांबवायची हे त्याला समजत होतं. फॉन ओस्टेन यांनी कुणाला फसवलं नव्हतं. त्यांचा आपल्या घोड्यावर जीव होता, एवढंच.

रॉबर्ट रोझेन्थाल आणि केरमिट फोड यांनी १९६३ मध्ये विद्यार्थ्यांना उंदीर दिले. काहींना सांगितलं की तुमचे उंदीर भूलभुलैयात हुशार आहेत, काहींना सांगितलं की मठ्ठ आहेत. प्रत्यक्षात दोन्हीकडे सारखेच उंदीर होते. ‘हुशार’ उंदरांचे निकाल चांगले आले. मला यातला एक तपशील विसरता येत नाही: या विद्यार्थ्यांनी सांगितलं की आम्हाला आमचे उंदीर आवडले, आम्ही त्यांना हळुवार हाताळलं. एका लेबलमुळे उंदराशी नातं जुळलं आणि ते आकड्यांत उतरलं. मग वर्षभर सोबत राबलेल्या सहकाऱ्याच्या गृहीतकाबद्दल आपले हात किती हळुवार होत असतील?

२०१२ मध्ये स्टेफान डोयेन आणि सहकाऱ्यांनी एक प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिला. म्हातारपणाशी संबंधित शब्द वाचल्यावर लोक हळू चालतात, असा तो मूळ निष्कर्ष. वेळ इन्फ्रारेड सेन्सरनं मोजली आणि प्रयोगकर्त्यांना कसलीच अपेक्षा दिली नाही, तेव्हा परिणाम दिसला नाही. लोक हळू चालतील अशी अपेक्षा प्रयोगकर्त्यांच्या मनात रुजवली, तेव्हा तो दिसला.

प्रत्यक्षात काय करायचं? गटांना ‘प्रायोगिक’ आणि ‘नियंत्रित’ म्हणू नका, निरर्थक अक्षरं द्या, आणि त्यांची किल्ली प्रयोगाबाहेरच्या माणसाकडे ठेवा. सूचना आधीच ध्वनिमुद्रित करा. वेळ यंत्राला मोजू द्या. प्रयोग संपल्यावर मोजणाऱ्या सहायकाला विचारा, कोण कोणत्या गटात होतं असं वाटतं? त्याचे अंदाज योगायोगापेक्षा बरेच बरोबर आले, तर पडदा फाटला होता असं समजा आणि तसं निबंधात लिहा.

सहायक तुमचा जोडीदार किंवा जिवलग मित्र असेल, तर हा पडदा टिकणारच नाही. जेवताना, फिरताना, झोपण्याआधी कामाचं बोलणं होतंच. त्याला ‘गृहीतक सांगितलेलं नाही’ हे वाक्य कागदावर खरं असेल, घरात खरं नसतं. अशा माणसाला मोजणीच्या कामावर घेऊच नका. उपकरणं लावणं, वेळापत्रक सांभाळणं, लेखन तपासणं ही कामं त्याला द्या.

पायरी ५: कोडिंगसाठी एक परका माणूस हवा

हे मी स्वतः चुकून शिकले. शोक झालेल्या माणसांच्या मुलाखतींचं कोडिंग मी आणि माझी जुनी मैत्रीण करत होतो. दोघींच्या कोडिंगमधली सहमती उत्तम येत होती. सहमती मोजायला आम्ही जेकब कोहेन यांचा १९६० मधला ‘कॅपा’ हाच निर्देशांक वापरला होता आणि आकड्यावर खूश होतो. नंतर एका परीक्षकाच्या आग्रहावरून तिसरी व्यक्ती घेतली. तिच्याकडे फक्त आमची कोडिंगची नियमावली होती. ‘राग’ या एका वर्गात सहमती कोसळली.

शोधल्यावर कारण सापडलं. मुलाखतीतल्या लांब शांततेला आम्ही दोघी राग म्हणत होतो. हे नियमावलीत कुठेच नव्हतं. ते आमच्या वर्षानुवर्षांच्या गप्पांत होतं, आमच्या आपापल्या घरांतल्या न बोलणाऱ्या माणसांबद्दलच्या. आकडा आमच्या मैत्रीची घट्ट वीण मोजत होता, सहभागींचा राग नव्हे. आम्ही नियमावली नव्यानं लिहिली आणि सगळ्या मुलाखतींचं कोडिंग पहिल्यापासून केलं. त्यात महिने गेले, निष्कर्षाचा एक मोठा भाग गळून पडला. तो गळायलाच हवा होता.

तेव्हापासून माझा नियम आहे: दोन जवळची माणसं कोडिंग करणार असतील, तर किमान एक पंचमांश मजकूर अशा तिसऱ्या व्यक्तीकडे द्यायचा, जिच्याशी आपलं बोलणं फक्त नियमावलीतून झालं आहे. तिनं विचारलेला प्रत्येक प्रश्न नियमावलीतली फट दाखवतो. तोंडी उत्तर देऊ नका, नियमावलीत बदल करा.

गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांवर चालणारं संशोधन करणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. तिथे संशोधक आणि सहभागी यांचं नातं हाच कधी कधी अभ्यासाचा रस्ता असतो, तो बंद करून चालत नाही. मग प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच दिवशी वेगळ्या वहीत लिहा: आज कोणता प्रश्न विचारायचं मी टाळलं आणि कुणासाठी? निबंधातला तुमच्या भूमिकेबद्दलचा परिच्छेद या वहीतूनच लिहावा.

पायरी ६: विश्लेषणाचे नियम आकडे पाहण्याआधी लिहा

फुटबॉलमध्ये पंच गडद त्वचेच्या खेळाडूंना जास्त लाल कार्ड दाखवतात का, हा एकच प्रश्न आणि एकच माहितीसंच २९ चमूंना दिला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २० चमूंना संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण संबंध सापडला, ९ चमूंना नाही. कुणीही फसवणूक केली नव्हती, फक्त वाजवी पर्याय वेगवेगळे निवडले होते. वाजवी पर्याय अनेक असतात तेव्हा त्यांतला कोणता घ्यायचा हे भीड ठरवू शकते. मार्गदर्शकाच्या सिद्धान्ताला साजेसा पर्याय जास्त ‘वाजवी’ वाटू लागतो.

म्हणून कोणत्या नोंदी वगळायच्या, कोणती चाचणी मुख्य, नमुना कितीवर थांबवायचा, हे आधी लिहून ओपन सायन्स फ्रेमवर्कसारख्या संकेतस्थळावर तारखेसह नोंदवा. जमल्यास अशा नियतकालिकाकडे जा, जे प्रयोगाआधीच आराखडा तपासून स्वीकारतं. ‘कॉर्टेक्स’नं २०१३ मध्ये ही पद्धत सुरू केली आणि ती पसरत गेली. हे शक्य नसेल तर निदान गटांची लेबलं उलटसुलट करून विश्लेषणाचा कोड लिहा आणि खरी लेबलं अगदी शेवटी जोडा.

पायरी ७: मार्गदर्शक आणि विद्यार्थी

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं.

२०११ मध्ये टिलबर्ग विद्यापीठातल्या डिडेरिक स्टापेल यांचा बनावट आकड्यांचा कारभार उघडकीला आला. पुढे त्यांचे ५० हून अधिक निबंध मागे घेतले गेले. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना ते तयार आकडे आणून द्यायचे, ‘माहिती मीच गोळा केली’ म्हणायचे. विद्यार्थी प्रश्न विचारत नव्हते, कारण ते प्रसिद्ध होते, प्रेमळ होते, आणि त्यांच्यावरच विद्यार्थ्यांचं भवितव्य टांगलेलं होतं. शेवटी तक्रार केली ती तरुण संशोधकांनीच. त्यांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण कुणाला एवढं धैर्य दाखवावं लागणं हेच रचनेचं अपयश आहे.

तुम्ही मार्गदर्शक असाल, तर पहिल्या भेटीत चार गोष्टी लेखी द्या. मूळ नोंदी प्रकल्पातल्या प्रत्येकाला पाहता येतील. निष्कर्ष माझ्या मताविरुद्ध आला तरी शिफारसपत्रावर परिणाम होणार नाही. सहलेखकांचा क्रम आत्ताच ठरवू आणि काम बदललं तर पुन्हा बोलू. माझ्याशी बोलणं अवघड वाटलं तर अमुक व्यक्तीकडे जाता येईल, आणि ती व्यक्ती माझी मित्र नसेल.

श्रेयाचं आधी लिहून ठेवा, हे मी कळकळीनं सांगते. चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावणाऱ्या टीएटी या प्रसिद्ध चाचणीचा १९३५ चा मूळ निबंध क्रिस्टियाना मॉर्गन आणि हेन्री मरे या दोघांच्या नावावर होता, मॉर्गन यांचं नाव पहिलं. दोघांचे दीर्घकाळ प्रेमसंबंध होते. १९४३ मध्ये चाचणी प्रकाशित झाली तेव्हा लेखक म्हणून मॉर्गन यांचं नाव नव्हतं. जवळीक असली की ‘आपल्यात कसला हिशेब’ म्हणत दोघंही गप्प राहतात आणि दुबळ्या बाजूचं काम पुसलं जातं.

प्रेमाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जॉन वॉटसन यांना त्यांच्या विद्यार्थिनी आणि एका बाळाच्या मनात भीती रुजवणाऱ्या ‘लहान अल्बर्ट’च्या प्रयोगातल्या सहसंशोधक रोझली रेनर यांच्याशी असलेल्या संबंधांवरून १९२० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सोडावं लागलं. त्या काळी प्रकरण अब्रूचं मानलं गेलं. आज खरा प्रश्न वेगळा विचारायला हवा. बाळ घाबरून रडत असताना सहसंशोधकाला ‘पुरे’ म्हणायचं असतं, तर ते म्हणणं कितपत सोपं होतं? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संहिता आज आपल्या विभागातल्या किंवा आपण ज्यांचं मूल्यमापन करतो अशा विद्यार्थ्यांशी लैंगिक संबंधांना थेट मनाई करते. समान पातळीवरच्या दोन सहकाऱ्यांचं प्रेम जुळलं, तर त्यात गैर काही नाही. मात्र त्याच आठवड्यात विभागप्रमुखांना लेखी कळवा, आणि एकमेकांच्या बढतीच्या, निधीच्या, परीक्षणाच्या प्रत्येक कामातून बाहेर पडा.

तुम्ही विद्यार्थी असाल, तर आरोपाच्या भाषेऐवजी नोंदीच्या भाषेत बोला. ‘सर, या आठ नोंदी वगळण्याचा निकष आपण आधी कुठे लिहिला होता? मला तो सापडत नाहीये. दोन्ही प्रकारे विश्लेषण करून दोन्ही निकाल देऊ का?’ हा प्रश्न ईमेलवर विचारा, तारीख राहते. चांगल्या मार्गदर्शकाला त्याचा राग येत नाही.

पायरी ८: परीक्षण आणि निवड समित्या

संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अर्ज करताना गेल्या ४८ महिन्यांतले सहलेखक जाहीर करावे लागतात. पीएचडीच्या मार्गदर्शकाला आणि विद्यार्थ्याला मात्र मुदतच नाही, ते नातं कायमचं धरलं जातं. तुमच्या संस्थेत नियम नसेल तर हाच वापरा.

पण नुसतं बाजूला होणं पुरत नाही. क्रिस्टीन वेनेरोस आणि अग्नेस वोल्ड यांनी १९९७ मध्ये स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे गुणांकन तपासलं. समितीतल्या कुणाशी ओळख असलेल्या उमेदवारांना जास्त गुण मिळाले होते, आणि तेही ओळखीचा सदस्य गुण देत नसताना. बाकीच्या सदस्यांनीच आपल्या सहकाऱ्याची भीड धरली. म्हणून संबंध असेल तर अर्ज वेगळ्या समितीकडे पाठवण्याची मागणी करा.

नातं जाहीर केलं की जबाबदारी संपली, असंही मानू नका. डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टीन आणि डॉन मूर यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात बरणीतल्या नाण्यांच्या रकमेचा अंदाज बांधायला सल्लागार दिले होते. आपला स्वार्थ उघड केल्यानंतर सल्लागारांचा सल्ला आणखी एकतर्फी झाला, आणि ऐकणाऱ्यांनी तो पुरेसा वजा करून घेतला नाही. सांगून टाकल्यावर मन मोकळं होतं आणि हात सैल सुटतो.

पायरी ९: ‘थांब’ म्हणणारा माणूस आधीच नेमा

मास्लाक योगायोगानं तिथं आल्या होत्या. तुम्ही योगायोगावर विसंबू नका. प्रकल्पाबाहेरची एक व्यक्ती ठरवा. तिला प्रयोगाच्या मध्यावर आत बोलवा, सगळं दाखवा आणि थांबवण्याचा अधिकार लेखी द्या. तिला तुमच्याबद्दल आपुलकी असावी, पण तुमच्या निकालातून तिचा काही फायदा नसावा.

वाद मोठा असेल तर विरोधकालाच सोबत घ्या. बार्बरा मेलर्स, राल्फ हर्टविग आणि डॅनियल कानेमन यांचा २००१ चा निबंध याचा नमुना आहे. हर्टविग आणि कानेमन यांची मतं एकमेकांविरुद्ध होती, मेलर्स मध्यस्थ होत्या. काय निघालं तर कोण काय मान्य करेल, हे आधी ठरवून प्रयोग केले गेले. दोघांचं शेवटपर्यंत पूर्ण एकमत झालं नाही, तरी मतभेद नेमका कुठे उरला हे वाचकाला दिसलं.

उशिरा लक्षात आलं तर

काम संपल्यावर कळतं की मुख्य कोडिंग जोडीदारानं केलं, किंवा सहभागींपैकी तिघी आपल्या वर्गातल्या होत्या. घाबरून लपवू नका. आधी त्या नोंदी वगळून विश्लेषण पुन्हा करा. शक्य असेल तर ओळख पुसलेली माहिती एखाद्या अनोळखी संशोधकाला देऊन त्यांच्याकडून करवा. मग मर्यादांच्या परिच्छेदात सरळ लिहा: ‘या अभ्यासातील मुलाखतींचे कोडिंग करणारी दुसरी व्यक्ती प्रथम लेखिकेची जोडीदार असून तिला गृहीतक माहीत होते. स्वतंत्र व्यक्तीने एक पंचमांश मुलाखतींचे पुन्हा कोडिंग केले. दोन्ही कोडिंगनुसार आलेले निकाल पुढे शेजारी शेजारी दिले आहेत.’ निबंध आधीच छापून आला असेल, तर हाच मजकूर दुरुस्ती म्हणून संपादकांकडे पाठवा.